सही जुळत नाही

आमच्या घरात गेले आठ दिवस भांडण चालू आहे. जमिनीवरून असते तर चारचौघांत सांगता आले असते. पण हे भांडण आहे लाल टोपीवाल्या, मिशाळ, इटालियन प्लंबरवरून, आणि भांडणाऱ्यांपैकी एकाचे वय त्रेचाळीस आहे.

हा त्रेचाळीसवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ विनू. समोरच्या बाजूला माझा मुलगा, सेकंड इयर बी.कॉम. वादाचा मुद्दा एवढाच, की 'सुपर मारिओ आर.पी.जी.' या खेळातला मारिओ हा खरा मारिओ की तोतया?

पानिपतानंतर तोतया हा विषय मराठी माणसाने इतका मनावर घेतल्याचे मी पाहिलेले नाही.

ज्यांच्या घरी मुले नाहीत, किंवा आहेत पण बोलत नाहीत, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. जपानातल्या क्योटोच्या निन्तेंदो कंपनीने १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' काढला. त्यात उजवीकडे पळायचे, उड्या मारायच्या आणि खड्ड्यात पडून मरायचे. पुढे १९९६ साली स्क्वेअर नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीबरोबर त्यांनी मारिओचा 'आर.पी.जी.' केला. यात शत्रू समोर आला की मारिओ थांबतो. पडद्यावर यादी येते. यादीतून हत्यार निवडायचे, एक फटका द्यायचा आणि मग अदबीने शत्रूच्या फटक्याची वाट पाहायची. हाच खेळ २०२३ साली नव्या रंगरूपात पुन्हा आला, आणि तोच सध्या आमच्या दिवाणखान्यात चालू आहे.

"शत्रू समोर आल्यावर यादी वाचायची?" विनू म्हणतो, "अरे, मारिओ आहे की हॉटेलातलं गिऱ्हाईक?"

"काका, नेमक्या क्षणाला बटण दाबलं की फटका जोरात बसतो. टायमिंग तेच आहे."

"टायमिंग मला शिकवू नकोस. मी अस्सल मारिओ खेळलोय."

हे अस्सल प्रकरण मला पक्के ठाऊक आहे, कारण तेव्हा टीव्हीसमोर त्याच्या शेजारी मी बसलेला असे. ते यंत्र जपानी यंत्राची नक्कल होते. त्यात घालायची ती पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेले ९९९ खेळ, आत खरे आठ-नऊ, उरलेले तेच पुन्हा पुन्हा. सुरू झाली नाही की फुंकर मारायची. थोडक्यात, विनूचा अस्सल मारिओ हा नकली यंत्रावर चालणारा चोरीचा माल होता. हे मी एकदा बोललो. तो दोन दिवस जेवायला आला नाही.

आणि मारिओ तरी कुठे एकनिष्ठ! १९८१ सालच्या 'डाँकी काँग'मध्ये तो सुतार होता आणि त्याला 'जंपमॅन' म्हणत. १९८३ साली तो प्लंबर झाला. आमच्या बँकेत एवढ्या फरकाला नवे केवायसी लागते. त्याहून मोठी गंमत अमेरिकेत झाली. तिथे १९८८ साली जो 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला गेला, तो मुळात मारिओचा खेळच नव्हता. जपानात तो १९८७ साली 'डोकी डोकी पॅनिक' या नावाने आला होता. त्यातली माणसे काढली, तिथे मारिओ मंडळी बसवली आणि वरचे नाव बदलले. अमेरिकन पोरे त्यावरच वाढली आणि त्याला मनापासून मारिओ म्हणू लागली. शेवटी १९९२ साली जपानातही तो 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून विकायला आला. दत्तक मुलगा वडिलांचे नाव लावून जन्मगावी परतावा, तसा. आज त्याला कोणी तोतया म्हणत नाही. विनूही नाही.

मात्र वादाच्या दुसऱ्या कलमात माझे मन विनूकडे झुकते. जुना खेळ नव्या यंत्रावर आणून बसवतात, त्याला ही मंडळी 'पोर्ट' म्हणतात. (पोर्ट म्हटले की मला ग्रीकांच्या त्या थीसियसचे जहाज आठवते. फळ्या बदलत बदलत सगळे नवे झालेले आणि तत्त्वज्ञांच्या तोंडी कायमचे नांगर टाकून बसलेले.) १९९३ साली जुने मारिओ सुधारून 'ऑल-स्टार्स' नावाने एकत्र आले. चित्रे सुरेख झाली. पण मूळ खेळात डोक्याने वीट फोडली की मारिओ आपटी खाऊन खाली येई, तो इथे वर जातच राहतो. मूळ खेळात एक चूकही होती. १-२ च्या शेवटी विशिष्ट तऱ्हेने उडी मारली तर भिंतीतून आरपार जाता येई, आणि तिथल्या नळातून उतरले की पाण्याखालची एक कधीच न संपणारी दुनिया लागे. वेळ संपून मरेपर्यंत पोहत राहायचे. 'ऑल-स्टार्स'मध्ये ही चूक दुरुस्त झाली. आता चूक दुरुस्त झाली म्हणून माणसाने रडावे का? विनू रडतो. आणि मला ते कळते. आमच्या शाखेतली लेजरे संगणकावर चढली तेव्हा सगळ्यांच्या शिलकी बरोबर उतरल्या, फक्त समासातल्या पेन्सिलीच्या खुणा उतरल्या नाहीत. 'ऐकू कमी येते, मोठ्याने बोलणे' ही खूण कोणत्या रकान्यात भरणार?

या समासाशी संबंधित एक गोष्ट सांगायची मला खरे तर इच्छा नाही.

मागच्या महिन्यात एक आजोबा पैसे काढायला आले. स्लिपवरची सही आणि पडद्यावरची त्यांची १९९१ सालची सही यांचा काडीचा संबंध नव्हता. मी म्हणालो, "आजोबा, सही जुळत नाही." त्यांनी दुसरी स्लिप भरली. हात जास्त कापला. तिसरी भरली. ती सही कमी आणि नदीचा नकाशा जास्त दिसत होती. शेवटी पेन खाली ठेवून ते म्हणाले, "साहेब, सही बदलली असेल. मी तोच आहे."

मी म्हणालो, उद्या ओळखपत्र आणि फोटो घेऊन या, नवी सही नोंदवू. नियमाला धरून होते. पण त्यांना वीस वर्षे ओळखणारे अधिकारी आठ पावलांवर डबा खात होते, आणि मी उठलो नाही. आजोबा 'उद्या' आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, मुलाचा हात धरून. नव्या कार्डावर त्यांनी सही केली ती रकान्याबाहेर गेली. मी काही बोललो नाही.

त्याच रात्री मुलगा खेळत होता. कोणा एका पात्राची खात्री पटत नव्हती, की समोर उभा आहे तो मारिओच. मारिओ या खेळात बोलत नाही. तो जागच्या जागी उडी मारतो. समोरच्याला ओळख पटते. ना ओळखपत्र, ना फोटो.

"बघितलंत काका?" मुलगा म्हणाला.

विनू गप्प. मग म्हणाला, "जुना लाव."

'स्विच'वर निन्तेंदोच्या जुन्या खेळांची सोय २०१८ पासून आहे, वर्गणी भरली की झाले. मुलाने १९८५ चा मारिओ लावला. यात चित्रही बदललेले नाही आणि वीटही तशीच फुटते. विनूने बाह्या सरसावल्या. पहिल्याच गूंबाने, त्या चालत्या मशरूमने, त्याला मारले. दुसऱ्या खेपेला तो खड्ड्यात पडला. तिसऱ्या खेपेला पुन्हा तोच गूंबा.

"टीव्हीत दोष आहे," विनू म्हणाला. "हे चपटे टीव्ही चित्र उशिरा दाखवतात." यात तथ्य आहे. सपाट पडद्याला चित्र तयार करायला सेकंदाचा बारीकसा भाग जास्त लागतो. पण गूंबा विनूवर चालून आला तेव्हा सेकंदाचे बरेच जाड भाग शिल्लक होते, हे मी पाहिले होते.

"काका, गेम तोच आहे," मुलगा म्हणाला.

विनूने रिमोट माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, उडी जुळत नाही रे."

मी चष्मा पुसला आणि त्याच्यासाठी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.