दिग्दर्शकाची खुर्ची आणि सरस्वतीबाईंचं स्वयंपाकघर

सिनेमा स्वतःबद्दल बोलू लागला की बहुतेकदा एकट्या माणसाची गोष्ट सांगतो. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मधला (1959) सुरेश सिन्हा रिकाम्या स्टुडिओत, दिग्दर्शकाच्या खुर्चीतच मरतो. चार वर्षांनी आलेल्या फेलिनीच्या ‘एट अँड अ हाफ’मधला ग्विदो पुढचा चित्रपट सुचत नाही म्हणून तडफडतो. दोन्ही चित्रपट थोर, आणि त्यांतलं दुःखही खरं. ‘कागज के फूल’ पडल्यावर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा कुठल्याच चित्रपटाला आपलं नाव दिलं नाही. पण या थोरवीपायी एक समज पक्का झाला: झुंज सगळी दिग्दर्शकाच्या डोक्यात चालते, भोवतालची माणसं फक्त अडथळा किंवा प्रेरणा.

मराठीत याहून जुना आणि वेगळा दाखला आहे.

दादासाहेब फाळक्यांनी 1917 च्या सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा पट काढला आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर आले. उरलेल्या तुकड्यांत ते नटांकडून काम करून घेताना, फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात. तिथे उसासे नाहीत, काम आहे. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) वेळी हाल काही कमी झाले नव्हते. सतत चित्रपट पाहून डोळे जायची वेळ आली, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, बायकोचे, सरस्वतीबाईंचे, दागिने गेले. त्यातल्या तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे साळुंके उभे राहिले. कच्ची फिल्म कडेला छिद्रं न पाडलेली यायची. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, उन्हात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या आणि रात्री अंधारात त्या फिल्मला छिद्रं पाडत बसायच्या. छिद्र जरा चुकलं तर कॅमेऱ्यात फिल्म सरकणार कशी? परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (2009) विभावरी देशपांडे यांची सरस्वती फाळक्यांच्या बरोबरीने उभी आहे, हे त्या चित्रपटाचं मोठं शहाणपण.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘संहिता’ (2013) याच वाटेने पुढे जातो. माहितीपट करणारी रेवती राजा, राणी आणि गायिका यांच्या जुन्या कथेवर पटकथा लिहिते, आणि तिच्या संसारातले प्रश्न त्या कथेत उतरत जातात. निर्माती, लेखिका, नटनट्या, प्रत्येकाला त्या कथेत वेगळं काही दिसतं. इथे सुचणं हीच वाटून घेतलेली गोष्ट आहे. असा चित्रपट दोघांनी मिळून दिग्दर्शन करणाऱ्या जोडीकडून यावा, हे अगदी साहजिक वाटतं.

एकट्या कलावंताची गोष्ट आणि वाटून घेतलेलं काम, हा फरक परतवाड्यासारख्या गावात फार महत्त्वाचा ठरतो. चिखलदऱ्याच्या घाटात मोबाईलवर वऱ्हाडी लघुपट करणाऱ्या पोरापाशी स्टुडिओ नाही. मित्राची गाडी, मावशीचं घर आणि उजेडासाठी थर्माकोलची शीट एवढ्यावर त्याचं भागतं. त्याने सुरेश सिन्हाला आदर्श मानलं, तर साधनं नाहीत म्हणून आपण कलावंतच नाही, असं त्याला वाटत राहील. फाळके पाहिले, तर मावशीचं घर हीच त्याची फॅक्टरी. मग लघुपटाच्या शेवटी लेखक, दिग्दर्शक, संकलक म्हणून एकच नाव तीनदा येण्याचंही कारण उरत नाही. थर्माकोल धरणाऱ्याचं नाव तिथे आलंच पाहिजे, आणि मावशीचंही.