पाटी कोणी हाती धरावी?



माउली, यंदा गुडघ्यांनी माझी वारी अडवली. गावची मंडळी पंढरीला गेली, घरची रोवणीसाठी बांधीत उतरली आणि पहिलीतल्या नातवाला शाळेत पोहोचवायचे काम माझ्याकडे आले. भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेकाठची आमची जिल्हा परिषदेची शाळा लहानशी आहे. सोमवारी पावसाची झड लागली, म्हणून बाईंनी मला वर्गातच बसवून घेतले. मग शनिवारपर्यंत मी रोज मागच्या भिंतीला टेकून बसलो. पन्नास वर्षे लोकांसमोर उभे राहून बोललो. एक आठवडा खाली बसून ऐकले.

सोमवारी बाईंनी चित्र दाखवून विचारले, “हे काय?” एक पोरगा म्हणाला, “डोरा.” आपल्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. आता वर्ग हसणार, असे मला वाटले. बाई म्हणाल्या, “बरोबर. घरी आपण डोरा म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात.” त्यांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. मग त्या पोराशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याची पाटी हाती घेऊन ळ काढून दाखवला.

मंगळवारी त्याच्या ळची नुसतीच दोन वाटोळी झाली. बुधवारी चुकलेले त्याने स्वतःच पुसले. गुरुवारी जमले. शुक्रवारी तो शेजारच्या मुलीला शिकवू लागला. शनिवारी शाळेची दिंडी निघाली. कपाळी बुक्का लावलेला तो पोरगा माझ्याजवळ आला नि म्हणाला, “महाराज, इठोबाले डोरे आहेत का डोळे?”

मी म्हणालो, “दोन्ही.” पण मला भरून आले. त्याचे कारण तुम्हांला सांगितले पाहिजे.

तीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझे कीर्तन होते. नेवाशात, शके १२१२ मध्ये, ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत आणला, हेच निरूपण चालले होते. मध्येच मी टाळ घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाला प्रश्न विचारला. उत्तर अचूक होते, पण झाडीत होते. मी त्याच्या शब्दाची नक्कल केली. मंडप हसला. मुलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी टाळकऱ्यांत त्याची जागा रिकामी होती. कीर्तन रंगले, असे मी त्या रात्री समजलो. बोलीचा गौरव सांगणारे तोंड त्याच घटकेला एका लेकराच्या बोलीला हसत होते.

तुम्ही विचाराल, मग चूक दाखवायचीच नाही का? गोरोबाकाकांनी तर संतांची डोकी थापटून नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले! खरे आहे. पण कच्चेपण सांगितल्यावर नामदेवरायांची वाट संपली नाही. ती विसोबा खेचरांकडे गेली. बाईंनीही ळ सोडून दिला नाही, चार दिवस गिरवून घेतला. म्हणून मला परीक्षा एकच सुचते: आपण चूक दाखवल्यावर तो माणूस दुसऱ्या दिवशी येतो का? बाईंचा पोरगा मंगळवारी आला. माझा आला नाही.

जाणत्या शिक्षकाने लेकरासाठी स्वतः पाटी घेऊन बसावे, हा तुकोबारायांचा दृष्टांत मी किती वेळा सांगितला असेल! पाटी हाती धरली म्हणून शिक्षकाची विद्या कमी होत नाही, हा अर्थही सांगितला. बसलो मात्र कधी नाही. मुलाला भयमुक्त ठेवावे, शक्यतो त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला हयात दिली. आम्ही तर संतांचे वारस म्हणवतो. आम्हांला हे कोणी सांगायला नको होते.

माउली, तुमच्याही भजनात कोणी नवखा टाळ चुकत असेल, हरिपाठ म्हणताना एखादी सून अडखळत असेल, नातवाच्या तोंडी अभंगाचा शब्द वेगळा येत असेल. शब्द जरूर सुधारा. पण आधी त्याच्या शेजारी बसा, आणि उद्या तो येईल असे बघा.

ते गाव माझ्या गावाहून फार लांब नाही. तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. रोवणी आटोपली की मुलाला सोबत घेऊन मी त्याच्या घरी जाणार आहे. वारीत आपण अनोळखी माणसाच्याही पाया पडतो. या एका पायांपाशी जायला मला तीस वर्षे लागली.