चेंडू येण्याआधी

ठाण्याहून नेरुळची लोकल पकडली, की डी. वाय. पाटील स्टेडियम फार लांब नाही. ३० ऑक्टोबर २०२२ चा रविवार. दिवाळी नुकतीच सरली होती. त्या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला सोळा वर्षांच्या विकी लोपेझला. त्याआधी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, जपानपुढे स्पेन मागे पडला असताना तिनंच शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून सामना फिरवला होता. आपल्या मुलीही या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळल्या. भुवनेश्वरला झालेले तिन्ही सामने त्या हरल्या, पण अमेरिका आणि ब्राझीलसारख्या संघांसमोर शेवटपर्यंत धावत राहिल्या. त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

विकी मिडफिल्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारी. या जागेवर चेंडू कुठूनही येतो आणि अंगावर धावून येणारेही चारही बाजूंनी येतात. म्हणून चांगल्या मिडफिल्डरला एक सवय असते. चेंडू अजून दुसऱ्याच्या पायाशी असतानाच ती मान वळवून मागे बघते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आपलं कोण मोकळं आहे, कोण अंगावर येतंय, जागा कुठे आहे, हे सगळं क्षणभरात टिपून नजर पुन्हा चेंडूवर. गेर योर्डेट या नॉर्वेच्या अभ्यासकानं मोठमोठ्या खेळाडूंच्या याच सवयीचं निरीक्षण केलं. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा असं बघतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात, असं त्यांना दिसलं. टीव्हीवर आपण चेंडूमागे असतो, त्यामुळे हे बघणं आपल्या नजरेतून सुटतं. पुढच्या वेळी एखाद्या मिडफिल्डरच्या मानेकडे लक्ष ठेवा, फार सुंदर दिसतं ते.

पुढे २०२५ च्या युरो स्पर्धेआधी स्पेनची आइताना बोनमाती आजारी पडली. जगातली सर्वोत्तम मिडफिल्डर म्हणतात ती हीच. पोर्तुगालविरुद्धच्या पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून उतरायची संधी विकीला मिळाली आणि सातव्याच मिनिटाला तिनं गोल केला. त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूसाठी पहिल्यांदाच दिलेली कोपा ट्रॉफीही तिला मिळाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

आपल्या घरातही सकाळी चेंडू चारही बाजूंनी येतात. डबा, गॅस, पाणी, मुलीचा पेपर, सासूबाईंची संपत आलेली गोळी. समोर येईल त्याला आपण भिडतो आणि दमून जातो. चहाचा कप हातात असताना एकदा मान वळवून बघितलं तर? हे बघणं म्हणजे काळजी करत बसणं नाही. काळजी करणारी नजर एकाच जागी अडकून राहते, मिडफिल्डरची नजर फिरून लगेच परत येते. आणि तिचं बघणं निम्मं तरी दुसऱ्यासाठी असतं, आपल्यातलं कोण मोकळं आहे हे शोधणारं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. घरातल्या बाईला सगळं स्वतःच उरकायची इतकी सवय झालेली असते, की बाबा पेपर वाचून कधीचे रिकामे बसलेत आणि त्यांना भाजी निवडायला मनापासून आवडतं, हे तिच्या लक्षातच येत नाही. नववीतला मुलगा दुकानातून गोळ्या आणू शकतो, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑफिसात नवी आलेली मुलगी कोपऱ्यात बसून कुणीतरी काम द्यायची वाट बघत असते. आज कामाला भिडायच्या आधी एकदा तिच्याकडे बघा, आणि तिला जमेल असं एखादं काम विश्वासानं तिच्या हाती द्या.