अतिथियज्ञ आणि खोलीचे भाडे

आतिथ्याचे मोल घेतले तर ते आतिथ्य उरते काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला टाळता येत नाही. मनुस्मृतीने गृहस्थाला नेमून दिलेल्या पंचमहायज्ञांत, म्हणजे रोज पाळावयाच्या पाच कर्तव्यांत, नृयज्ञाची गणना होते आणि दारी आलेल्या माणसाचा सत्कार हेच त्याचे स्वरूप आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहतो, आणि त्याबद्दल प्रत्यक्ष मृत्युदेवाला त्याला तीन वर द्यावे लागतात. ऋण चढते ते यजमानावर, पाहुण्यावर नव्हे. हॉटेलात हे नाते उलटते, कारण तेथे पाहुणा देणेकरी असतो आणि बिल चुकते होताच दोघेही एकमेकांपासून मोकळे होतात.

तथापि हा व्यवहार सर्वस्वी कोरडाच असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. जमशेटजी टाटांनी मुंबईत अपोलो बंदरावर उभारलेले, सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आखलेले व डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्णत्वास नेलेले ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले, आणि पहिल्या महायुद्धात त्याच वास्तूचे रुग्णालय झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तेथील कर्मचारी पाहुण्यांना वाचवण्यासाठी थांबले आणि त्यांपैकी काहींनी प्राण गमावले. प्राण देण्याची अट कोणत्याही वेतनात नसते. म्हणून किमतीच्या पलीकडे जे दिले गेले, तेवढ्या अंशाने तो नृयज्ञच होता, असे निःशंकपणे म्हणावे लागते.

आरोग्यसेवेच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो. आलिशान हॉटेलांच्या स्पामध्ये जो अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचा विधी, मोठ्या किमतीला मिळतो, तो वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येत, म्हणजे नित्याच्या आचारात, सांगितला आहे, आणि गिरगावच्या चाळींत दिवाळीच्या पहाटे तो घरोघरी होतच आला आहे. विकले जाते ते तेल नव्हे, तर या गर्दीच्या शहरात दुर्मीळ झालेली निवांत घटका. आणि जी सर्वांची गरज, ती काहींचीच चैन व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे. सुश्रुताने निरोगी माणसाच्या लक्षणांत दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही धरली आहे, आणि ती प्रसन्नता सर्वांत दुष्प्राप्य असते ती आजाऱ्याला व त्याच्या सोबत्याला.

परळमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर आता उंच हॉटेले उभी आहेत, आणि त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, जेथे दूरदूरच्या गावांतून कर्करोगाचे रुग्ण येतात आणि निवारा न मिळालेली कुटुंबे पदपथावर दिवस काढतात. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. तेथेही नाममात्र शुल्क घेतले जाते, ही बाब या विवेचनात महत्त्वाची आहे, कारण त्यावरून पैसा घेणे हेच आतिथ्याचे भंजक आहे, हा समज टिकत नाही. हॉटेलात भाडे हीच प्रवेशाची अट असते. धर्मशाळेत आधी रुग्णाची गरज पाहिली जाते आणि शुल्क नंतर येते, आणि ते थोडेसे पैसे मोजल्यामुळे लांबून आलेल्या शेतकऱ्याला आपण भिक्षा घेत आहोत असे वाटत नाही.