क्षमेविना परतलेली फेथ

अलौकिक कथांमध्ये वाईट माणसाला परत आणणं सोपं असतं. शाप उतरतो, झपाटलेपण जातं, हरवलेला आत्मा देहात येतो आणि कालचा खुनी आज उजळ माथ्याने आपल्यात येऊन बसतो. जे काही झालं ते त्याच्या आतल्या 'दुसऱ्या' कुणीतरी केलेलं असतं. १९९७ ते २००३ या काळात अमेरिकेत चाललेली 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही मालिका आणि १९९९ मध्ये तिच्यातूनच निघालेली 'एंजल' ही दुसरी मालिका, या दोन्हींचा पाया हाच आहे. एंजल हा १७५३ मध्ये व्हॅम्पायर झाला, जवळजवळ दीडशे वर्षं त्याने युरोपभर रक्तपात केला, आणि १८९८ मध्ये एका रोमा जमातीच्या शापामुळे त्याचा आत्मा त्याला परत मिळाला. स्पाइक हा दुसरा व्हॅम्पायर. सहाव्या पर्वाच्या शेवटी, २००२ मध्ये, तो आफ्रिकेत जाऊन कठोर परीक्षा देऊन आत्मा मिळवतो. या जगात नैतिकतेलाही एक कळ आहे. ती फिरवली की माणूस बदलतो.

फेथपाशी ही सोय नाही. ती व्हॅम्पायर नाही, तिला कुणी झपाटलेलं नाही, तिचा आत्मा पहिल्या दिवसापासून जागच्या जागी आहे. तिने जे केलं ते तिनेच केलं. म्हणूनच या दोन मालिकांमधल्या सगळ्या पुनरागमनांमध्ये मला फेथचं परतणं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भुताखेतांनी भरलेल्या गोष्टीत एक माणूस माणसासारखा परत येतो, आणि त्याच्या मदतीला एकही मंत्र नसतो.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. प्रत्येक पिढीत एकच मुलगी 'स्लेयर' म्हणून निवडली जाते. अचाट ताकद तिला आपसूक मिळते आणि व्हॅम्पायरांशी लढण्याचं ओझंही. एक मेली की दुसरी. बफी एकदा काही क्षणांपुरती बुडून मरते आणि पुन्हा जिवंत होते, त्यामुळे ही साखळी दुभंगते, आणि तिसऱ्या पर्वात, ऑक्टोबर १९९८ मध्ये, बॉस्टनची फेथ ही दुसरी स्लेयर बफीच्या सनीडेल गावात येऊन थडकते. एलायझा डुश्कू या अभिनेत्रीने ती साकारली तेव्हा तिचं वय सतराच होतं. बफीला आई आहे, मित्र आहेत, जाइल्ससारखा वडीलधारा वॉचर, म्हणजे स्लेयरचा मार्गदर्शक, आहे. फेथची वॉचर तिच्या डोळ्यांदेखत मारली गेली आहे आणि ती एका कळकट मोटेलात एकटी राहते. फेब्रुवारी १९९९ मधल्या भागात, अंधाऱ्या गल्लीतल्या चकमकीत, ती व्हॅम्पायर समजून एका माणसाच्या छातीत खुंटी खुपसते. तो असतो ॲलन फिंच, गावाचा उपमहापौर.

हा अपघात होता. फेथचा खरा अपराध त्यानंतर घडतो: ती प्रेत पाण्यात टाकते, आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही असं बफीला सांगते आणि मग खुनाचा आळ बफीवरच ढकलते. एंजल तिच्याशी बोलून तिला सावरू पाहत असतो, तेवढ्यात वेस्ली हा नवा, पुस्तकी वॉचर माणसं घेऊन घुसतो, तिला बांधून नेऊ पाहतो आणि सगळं विसकटतं. ती जाऊन मिळते महापौर विल्किन्सला. तो राक्षस होण्याच्या वाटेवर आहे, पण तिला राहायला चांगली जागा देतो, दूध प्यायला सांगतो, बापाची माया लावतो. लेखकांची इथली समज मला फार खोल वाटते. फेथ सत्तेला किंवा पैशाला भुलत नाही. 'तू माझी आहेस' असं म्हणणारा पहिला माणूस दुष्ट निघाला, एवढंच. त्याच्यासाठी ती थंड डोक्याने प्राध्यापक वर्थ नावाच्या निरपराध माणसाचा जीव घेते. त्या खुनाला अपघाताचं निमित्तही नाही.

बफीशी झालेल्या लढाईत भोसकली जाऊन ती आठ महिने कोमात जाते आणि फेब्रुवारी २००० मध्ये शुद्धीवर येते. हे तिचं पहिलं पुनरागमन, सूडाचं. विल्किन्सने मागे ठेवलेल्या एका जादुई वस्तूने ती बफीचा देह बळकावते. 'हू आर यू' हा भाग मालिकेचा निर्माता जॉस व्हेडन याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. आरशासमोर उभी राहून फेथ बफीच्या सोज्वळपणाची नक्कल करते, 'हे चूक आहे' असं वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहते. मग एका मुलीला ती सहज व्हॅम्पायरपासून वाचवते, आणि ती मुलगी मनापासून आभार मानते तेव्हा फेथ गडबडून जाते. विमानतळावरून पळून जाण्याच्या बेतात असताना चर्चमध्ये लोक ओलीस धरले गेल्याची बातमी ती टीव्हीवर पाहते आणि परत फिरते. नक्कल करता करता अंगात काहीतरी मुरलेलं असतं. त्याच चर्चमध्ये, बफीच्या देहातून, ती स्वतःच्या चेहऱ्यावर ठोसे मारत सुटते. समोर तिचाच देह आहे आणि ज्याचा तिला सगळ्यांत जास्त तिटकारा आहे, ते तिला आत्ता पहिल्यांदा बाहेरून दिसतं.

तिथून ती लॉस एंजेलिसला पळते आणि 'एंजल' मालिकेत शिरते. एप्रिल २००० मधल्या 'फाइव्ह बाय फाइव्ह' या भागात एंजलला मारण्याची सुपारी घेऊन ती वेस्लीला खुर्चीला बांधून तासन्‌तास छळते. शेवटी पावसाने झोडपलेल्या गल्लीत एंजलवर तुटून पडते आणि लढता लढता कोसळते. आपण वाईट आहोत, आपल्याला मारून टाक, असं रडत विनवते. सबंध भाग तिने हेच साधण्यासाठी घडवून आणलेला असतो. हे मरण मागणं मला पश्चात्ताप वाटत नाही. ती सुटका मागत असते. मेल्यावर काहीच निस्तरावं लागत नाही. एंजल ती सुटका देत नाही, आणि त्याच्या हातून घडलेली ही सर्वांत मोठी दया आहे.

पुढचा भाग, 'सँक्च्युअरी', २ मे २००० चा. इथे मालिका एक अवघड गोष्ट करते. एंजलने फेथला आसरा दिला आहे हे कळल्यावर बफी येते. फेथ तिच्याकडे क्षमा मागू लागते, तर बफी तिला शब्दच उच्चारू देत नाही. माफी मागितलीस तर मरेपर्यंत मारीन, अशा अर्थाचं काहीतरी ती सुनावते. एंजल बफीला सांगतो की हा तुझा प्रश्न नाही, एका जिवाला वाचवण्याचा आहे. अनेक प्रेक्षकांना इथे बफी कठोर वाटते. मला ती पूर्णपणे बरोबर वाटते. तिचा देह चोरला गेला, त्या देहाआडून तिच्या प्रियकराला फसवलं गेलं, तिच्या आईला ओलीस धरलं गेलं. फेथला उपरती झाली म्हणून बफीने त्याच दिवशी मन मोकळं करावं, ही अपेक्षा म्हणजे पीडितावर लादलेला आणखी एक बोजा आहे. आणि एंजलही बरोबर आहे. फेथला सावरणं बफीच्या क्षमेची वाट पाहत थांबू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत खऱ्या असतात आणि मालिका त्यांची तडजोड लावत नाही. भागाच्या शेवटी फेथ स्वतःच्या पायांनी पोलिसांसमोर जाते आणि कबुलीजबाब देते.

आपल्याकडे 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असं आपण एका दमात म्हणून मोकळे होतो. मधला काळ आपल्याला नको असतो. मज्झिमनिकायातल्या अंगुलिमालसुत्तात मात्र तो मधला काळ लिहून ठेवला आहे. बुद्धाच्या सांगण्यावरून शस्त्र टाकून भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेव्हा लोकांनी फेकलेली ढेकळं आणि काठ्या त्याला लागतात. डोकं फुटून रक्त गळतंय, भिक्षापात्र फुटलंय, चीवर फाटलंय अशा स्थितीत तो परततो. बुद्ध लोकांना दोष देत नाही. 'सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे,' अशा आशयाचं तो अंगुलिमालाला सांगतो. अंगुलिमाल बदलला होता हे खरं, आणि श्रावस्तीचे लोक त्याच्यावर विश्वास ठेवायला बांधलेले नव्हते हेही तितकंच खरं. फेथची गोष्ट या जातीची आहे.

दूरदर्शन मालिकेकडे यासाठी एक साधन आहे जे चित्रपटाकडे नाही: प्रेक्षकाच्या आयुष्यातला खराखुरा काळ. सप्टेंबर २००० मध्ये एंजल तुरुंगात तिला भेटायला येतो, त्यानंतर मार्च २००३ पर्यंत फेथ कथेच्या प्रवाहातून बाहेर आहे. या काळात बफी पुन्हा मरते आणि काही काळाने परत येते. मालिकेच्या नियमानुसार स्लेयरचा वारसा आता तुरुंगातल्या फेथकडे आहे, म्हणून नवी मुलगी निवडली जात नाही. जग वाचवण्याची सबब तिच्याकडे केव्हाही होती. ती भिंती फोडू शकली असती हेही पुढे दिसतंच. ती आत राहिली, कारण तिने आत राहायचं ठरवलं होतं.

तिला बाहेर काढायला येतो वेस्ली. एंजलचा आत्मा पुन्हा गेला आहे, तो अँजेलस होऊन शहरात मोकाट सुटला आहे. काचेपलीकडे बसून हे ऐकल्यावर फेथ काच फोडते आणि वेस्लीसह खिडकीतून उडी टाकते. बाहेर येताच तिची अट एकच: अँजेलसला मारायचं नाही, वाचवायचं. मधल्या वर्षांत वेस्लीही बदलला आहे. गळा चिरला गेलेला, मित्रांनी दूर लोटलेला, निर्दय झालेला. माहिती काढण्यासाठी तो एका व्यसनी मुलीच्या खांद्यात सुरा खुपसतो आणि फेथ हादरते. मग तो तिला तिने केलेल्या छळाची आठवण देऊन डिवचतो, तिच्यातलं जुनं जनावर जागं करू पाहतो. छळणारी आणि छळलेला यांच्या जागा इथे जवळजवळ बदलल्या आहेत. तरी वेस्लीचा अधिकार संपत नाही. ती त्याचं ऐकून घेते.

१९ मार्च २००३ च्या 'ऑर्फिअस' या भागात ती स्वतःच्या रक्तात मादक द्रव्य भिनवून अँजेलसला ते पिऊ देते आणि दोघं एका सामायिक स्वप्नात एंजलचा भूतकाळ पाहतात. आपण पुरेसं भोगलं, आता मेलं तरी चालेल, असं तिला पुन्हा वाटतं. एंजल तिला सांगतो की ही फेड कधी पुरी होत नाही, म्हणूनच जगत राहायचं. तीन वर्षांपूर्वी पावसात मागितलेलं मरण तिला इथे शांतपणे, जवळजवळ सन्मानाने मिळत होतं, आणि ती उठते.

मग सनीडेल. एप्रिल २००३ मध्ये बफीची आणि तिची भेट स्मशानात होते आणि ती बफीच्या ठोशाने सुरू होते. घरच्या सगळ्यांनी बफीला नेतृत्वावरून काढून फेथला पुढे केल्यावर तिच्या पहिल्याच मोहिमेत तिच्याबरोबर लढायला गेलेल्या तरुण मुली सापळ्यातल्या बॉम्बस्फोटात सापडतात. त्यानंतर दोघी बोलतात ते क्षमेबद्दल नाही. सगळे आपल्याकडे पाहत असताना किती एकटं वाटतं, आणि बफीला हे रोज वाटत आलं असणार, एवढं फेथ म्हणते. जिच्या जागेचा ती एकेकाळी इतका हेवा करत होती, त्या जागेचं वजन तिला कळलं. मैत्री म्हणावी असं फार काही तिथे नसतं, पण शेवटच्या लढाईत दोघी एकाच फळीत उभ्या राहतात.

आता जे मला खटकतं ते. फेथ तुरुंगातून पळते आणि परत जात नाही. जग वाचलं या गडबडीत मालिका तिची उरलेली शिक्षा विसरून जाते. अंगुलिमालामुळे भयभीत झालेल्या लोकांनी तक्रार केल्यावर अशा कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयपिटकात झाला, आणि तुरुंग फोडून आलेल्यालाही देऊ नये असा नियम त्याला लागूनच आहे. उपरती झाली तरी समाजाचा हिशेब वेगळा राहतो, हे त्या नियमकर्त्यांना कळत होतं. स्वतःहून तुरुंगात गेलेल्या मुलीची गोष्ट इतक्या धीराने सांगणाऱ्या लेखकांना ते शेवटी आठवायला हवं होतं. त्याहून मोठी उणीव मेलेल्यांची आहे. वेस्लीला आणि बफीला बोलायला, चिडायला, नकार द्यायला जागा मिळाली, कारण ती दोघं जिवंत होती. ॲलन फिंच आणि प्राध्यापक वर्थ यांच्या वतीने 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. दोन्ही मालिकांचे मिळून २५४ भाग झाले, आणि त्या माणसांच्या घरी मागे कोण राहिलं, हे फेथलाही कुणी विचारलं नाही.