दहा डॉलर, छत्तीस महिने

शिकागोच्या दक्षिण भागात त्रेसष्टाव्या रस्त्यावरून ६३ नंबरची बस धावते. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे शिकायला होते तेव्हा या बसने माझं नेहमी येणं-जाणं असे. एका संध्याकाळी शेजारच्या सीटवर साठी उलटलेल्या एक बाई बसल्या होत्या. दोन पिशव्या पायांत धरलेल्या, तिसरी मांडीवर. मांडीवरच्या पिशवीत दुधाचा गॅलनचा कॅन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर दूध, आणि त्याला टेकून गोठवलेल्या चिकनचं पाकीट. पाकीट पाझरत होतं. कागदी पिशवीचा तळ ओला होऊन लोंबायला लागला होता आणि बाईंनी खालून तळहाताचा आधार दिला होता. मी पायातली एक पिशवी उचलून घेतली, तशा त्या बोलायला लागल्या. "दोन बस बदलून जाते. तांदळाची मोठी थैली स्वस्त पडते हे मला कळत नाही का? पण आणू कशी? काय हवंय ते ठरवून मी निघतच नाही. काय उचलेल तेवढंच घेते."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आपल्याकडे महिन्याचं वाणसामान भरताना यादी करतात ती घरातल्या माणसांकडे आणि खिशाकडे बघून. या बाईंची यादी त्यांचे खांदे करत होते.

त्या राहत होत्या तो भाग म्हणजे एंगलवूड. त्रेसष्टावा रस्ता आणि हॅलस्टेड रस्ता जिथे मिळतात तो चौक एके काळी शहराच्या मुख्य बाजारपेठेखालोखाल गजबजलेला होता. सिअर्ससारखं मोठं दुकान तिथे होतं. १९६० मध्ये एंगलवूडची वस्ती ९७ हजारांच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती २४ हजारांच्या आसपास उरली. चारातली तीन माणसं गेली. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात टाकल्या, तेव्हापासून अशा भागांत घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं. पुढे गोरी कुटुंबं गेली, कारखाने गेले, त्यामागून ज्यांना जमलं ती कृष्णवर्णीय कुटुंबंही गेली. घरं ओस पडली, पाडली गेली, आणि दोन घरांच्या मध्ये गवत वाढलेले रिकामे प्लॉट दिसू लागले. किराणा दुकानं गेली ती या सगळ्याच्या शेवटी.

सरकारी भाषेत अशा भागाला 'फूड डेझर्ट' म्हणतात, अन्नाचं वाळवंट. अमेरिकेच्या कृषी खात्याचं माप असं, की शहरातल्या गरीब वस्तीत बऱ्याच लोकांना सुपरमार्केट मैलाहून लांब पडत असेल तर ते वाळवंट. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये शहरी शेती उभी करणाऱ्या कॅरेन वॉशिंग्टन यांना हा शब्द मान्य नाही. वाळवंट निसर्ग घडवतो, हे तर माणसांनी घडवलंय, म्हणून त्या याला अन्नातला वर्णभेद म्हणतात. मला त्यांचं पटतं. वाळवंट म्हटलं की दोष कुणाचाच राहत नाही. एक उदाहरण सांगते. मोठ्या साखळ्या एखादं दुकान बंद करून जागा विकतात तेव्हा खरेदीखतात कधी कधी अट घालतात, की या जागेवर पुढची अमुक वर्षं दुसरं किराणा दुकान चालवायचं नाही. गिऱ्हाईक आपल्याच दुसऱ्या दुकानाकडे वळावं, हा हेतू. म्हणजे स्वतः तर निघून जायचं आणि जाताना विहिरीवर झाकण घालून जायचं.

एंगलवूडमध्ये २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दुकान आलं, आणि आलं ते होल फूड्सचं. सेंद्रिय भाज्या, महागडं चीज, सुखवस्तू गिऱ्हाईक अशी ज्याची ओळख, ते दुकान त्रेसष्टाव्या रस्त्यावर! महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात तीन वर्षं आधी घोषणा झाली होती. दुकान ज्या संकुलात होतं त्याच्या उभारणीसाठी शहराने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम घातली. वस्तीतल्या लोकांना नोकऱ्या मिळाल्या, काही वस्तूंचे भाव इतर शाखांपेक्षा उतरवून ठेवले गेले. उद्घाटनाला रांगा लागल्या. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे पाठ फिरवली गेली त्यांच्या दारात उत्तमातलं उत्तम दुकान यावं, यात आनंद होण्यासारखंच होतं. २०१७ मध्ये अमेझॉनने होल फूड्स विकत घेतली. २०२२ च्या एप्रिलमध्ये एंगलवूडची शाखा बंद करणार असल्याचं जाहीर झालं आणि नोव्हेंबरात तिला कुलूप लागलं. सहा वर्षं.

मला जास्त लागलं ते त्यानंतर जे घडलं ते. त्याच जागी सेव्ह-अ-लॉट ही स्वस्त मालाची साखळी येणार असं ठरलं. लोकांनी विरोध केला. सभा झाल्या, फलक झाले. या साखळीच्या आसपासच्या दुकानांतल्या शिळ्या मालाचा अनुभव लोकांच्या गाठीशी होता. पण कुणाला आणायचं हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतंच. २०२३ मध्ये सेव्ह-अ-लॉट उघडलं. शहराचा, म्हणजे लोकांचाच, पैसा त्या संकुलात होता. लोकांचा शब्द मात्र नव्हता.

असं का होतं, हे कळायला किराण्याच्या धंद्यात थोडं शिरावं लागतं. सुपरमार्केटचा निव्वळ नफा शंभर डॉलरच्या विक्रीमागे एक ते दोन डॉलर, चांगल्या वर्षी तीन. सगळा खेळ खपाचा. पालेभाजी, दूध, मांस रोज उठलं तर ठीक, नाहीतर नासाडी. गिऱ्हाईक एक चतुर्थांश उरलेल्या वस्तीत हा खप येणार कुठून? त्यात गरीब वस्तीतली खरेदी महिनाभर सारखी चालत नाही. सरकारी अन्नमदतीचे पैसे महिन्यातून एकदाच कार्डावर जमा होतात. जमा झाल्यावर काही दिवस दुकानात झुंबड, आणि महिनाअखेरीला शुकशुकाट. आपल्याकडच्या वाण्याला ही महिनाअखेर ठाऊक असते. तो वही काढतो, उधारी लिहितो आणि पगाराची वाट बघतो. सुपरमार्केटकडे वही नसते. तिथे महिनाअखेरीचा अर्थ एकच, कोथिंबीर पिवळी पडणार.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे घाऊक भाव. एकट्या दुकानदाराला बिस्किटाचा पुडा ज्या भावाने पडतो त्याहून कितीतरी कमी भावाने तो मोठ्या साखळीला मिळतो, कारण साखळी ट्रकच्या ट्रक उचलते आणि कंपनीला दटावू शकते. यावर उपाय म्हणून १९३६ मध्ये अमेरिकेत रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांना अन्याय्य दोन भाव लावायचे नाहीत, हा त्याचा आशय. १९८० च्या दशकापासून सरकारने त्याची अंमलबजावणी जवळजवळ सोडून दिली. छोट्या दुकानांच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासक स्टेसी मिचेल यांनी याचा आणि अन्नाच्या वाळवंटांचा संबंध जोडून दाखवला आहे: कायदा निजला, वस्त्यांमधली छोटी स्वतंत्र दुकानं मोडली आणि वाळवंटं पसरली. याला मी पूर्ण कारण म्हणणार नाही, वस्ती ओस पडणं हे तितकंच मोठं कारण आहे. पण एंगलवूडमध्ये एखाद्या स्थानिक माणसाने हिंमत करून दुकान काढलंच, तर पहिल्याच दिवशी त्याचा माल साखळीपेक्षा महाग असतो, ही वस्तुस्थिती आहे. मग लोक म्हणतात, "आपल्याच माणसाने लुबाडलं."

याच धंद्यात काही वेगळं करून दाखवणारे जेफ ब्राउन फिलाडेल्फियाचे. शॉपराइटच्या नावाखाली त्यांची कौटुंबिक दुकानं गरीब वस्त्यांत चालत आली आहेत. दुकान काढण्याआधी ते वस्तीत सभा घेत आणि तुम्हाला काय लागतं ते विचारत. मुस्लिम वस्ती असेल तर हलाल मांस, अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेल्यांच्या स्वयंपाकाला लागतं ते, कुठे दुकानातच दवाखाना, कुठे पतपेढी. तुरुंगातून सुटून आलेल्यांना त्यांनी कामावर घेतलं. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये ३ कोटी डॉलर घालून अशा दुकानांसाठी कर्ज आणि अनुदानाची योजना काढली. २०१० पर्यंत तिच्या मदतीने ८८ दुकानं नवी उभी राहिली किंवा सुधारली. तरीही २०१९ मध्ये ब्राउन यांना एक दुकान बंद करावं लागलंच. शहराने शीतपेयांवर लावलेल्या कराला त्यांनी दोष दिला. एक-दोन टक्क्यांच्या नफ्यात एखादा धक्काही पचत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. दुकान आलं म्हणून लोक भाजी खायला लागतात का? अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासाचं उत्तर आहे, फारसं नाही. श्रीमंत आणि गरीब यांच्या आहारातल्या फरकाचा साधारण दहावा हिस्साच दुकानांच्या उपलब्धतेशी जोडता येतो. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये अनेक वर्षांनी २०१३ मध्ये सुपरमार्केट आलं, तेव्हा संशोधकांना लोकांचा आहार थोडा सुधारलेला दिसला. गंमत ही की जे त्या दुकानात जात नव्हते त्यांचाही. तेही दुकान २०१९ मध्ये बंद झालं.

या अभ्यासांवरून काही जण दुकानांवर पैसा घालणंच थांबवा म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. सुखवस्तू उपनगरात सुपरमार्केट काढताना तिथल्या रहिवाशांची साखर उतरेल का, असं कुणी विचारत नाही. गरिबाने मात्र दुकान मिळवण्यासाठी आधी आपलं रक्त तपासून दाखवायचं! बसमधल्या बाईंचा आहार दुकानामुळे बदलला नसता, असं धरून चालू. त्यांचा आठवड्यातला अर्धा दिवस वाचला असता. तांदळाची मोठी थैली घरी आली असती. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

मग दुकान सरकारनेच चालवावं का? कॅन्सस सिटीने लिनवुड आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं संकुल विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि २०१८ मध्ये तिथे सन फ्रेश नावाचं दुकान उघडलं. पुढे एक सेवाभावी संस्था ते चालवू लागली. आजूबाजूला गुन्हे वाढले, गिऱ्हाईक बिचकू लागलं, फळ्या रिकाम्या राहू लागल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेही बंद पडलं. जागा सार्वजनिक होती, हेतू चांगला होता, पण दुकानाच्या दारापर्यंतचा रस्ता सुरक्षित नव्हता. दुकान एकटंच सावरायला गेलं की असं होतं. घरं, बस, दिवे, घाऊक भाव, यांतलं काहीच हललं नाही तर भार सगळा दुकानाच्या फळ्यांवर येतो.

मुंबईच्या वाचकांना इथे ग्राहक पंचायत आठवेल. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच काढलं नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र घाऊक घ्यायचा आणि सभासदांनीच एका घरी किंवा जिन्याखाली बसून वाटायचा. मागणी आधीच ठाऊक, म्हणून नासाडी नाही. दुकान नाही, म्हणून भाडं नाही. नायगावला कामगारांनी १९४८ मध्ये उभारलेल्या अपना बाजारने उलट दुकानाचा मार्ग धरला, आणि पुढे त्याला मोठ्या साखळ्यांशी झुंजावं लागलं. एंगलवूडला पंचायतीची पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही. ताजं दूध आणि मांस महिन्यातून एकदा वाटता येत नाही. पण तांदूळ, कडधान्य, पीठ, तेल हा जड माल तरी बसमधून उतरला असता. बाईंना आणता येत नव्हती ती थैली याच मालाची होती.

हे सगळं लिहिताना मी परत परत फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड रस्त्याकडे येते. झायन बाप्टिस्ट चर्चचे पाद्री लिऑन सलिव्हन यांनी १९६२ मध्ये भाविकांपुढे एक योजना ठेवली: दरमहा दहा डॉलर, छत्तीस महिने. पन्नास जण मिळाले तर बघू, असं त्यांना वाटत होतं; दोनशेहून अधिक जण पुढे आले. पहिल्या सोळा महिन्यांचे पैसे शिष्यवृत्त्या आणि समाजकार्यासाठीच्या न्यासात, उरलेल्या वीस महिन्यांचे गुंतवणुकीत. अशा पैशांतून १९६८ मध्ये प्रोग्रेस प्लाझा उभा राहिला, कृष्णवर्णीयांनी बांधलेलं आणि त्यांच्याच मालकीचं देशातलं पहिलं व्यापारी संकुल. त्यातलं सुपरमार्केट नव्वदच्या दशकाच्या अखेरीला निघून गेलं. दहाएक वर्षं ती जागा सुपरमार्केटविना राहिली.

पण जागा वस्तीचीच होती. खरेदीखतात झाकण घालणारं कुणी नव्हतं, घाईने भाडं हवं असलेला कुणी दूरचा मालकही नव्हता. राज्याची योजना आली तेव्हा संकुलाच्या लोकांनी तिचा आधार घेतला, इमारत नव्याने सावरली, आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये तिथे फ्रेश ग्रोसर उघडलं. पुढच्या फेब्रुवारीत मिशेल ओबामा ते बघायला आल्या. कॅमेरे त्यांच्याभोवती होते ते साहजिकच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या दिवशी भाजीच्या फळीशी उभी असलेली एखादी म्हातारी येते, जिने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी दर रविवारच्या प्रार्थनेला जाताना घरखर्चातून काही नाणी बाजूला काढली होती, आणि आता बस न बदलता कोबीचा गड्डा हातात घेऊन तो टणक आहे का ते अंगठ्याने दाबून बघते आहे.