धार आणि झीज

झिजलेल्या पटाशीला धार लावणे म्हणजे तिचे पूर्वरूप परत मिळवणे, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. प्लूटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजात कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या फळ्या येतात. पटाशीत नवे काहीच येत नाही. पाठ सपाट करताना, सुमारे २५ अंशांचा उतार दगडावर घासताना पोलाद कमीच होत जाते. मग जतन कशाचे होते? आकाराचे नव्हे, कार्याचे. म्हणूनच किती घासावे हा कौशल्याइतकाच नीतीचा प्रश्न ठरतो. यांत्रिक चाकावर घाई केल्यास पाते तापून त्याचे पाणी उतरते. हात सावकाश चालतो आणि पलीकडे बोटाला खरखरीत कड लागताच थांबतो. आवश्यक तेवढेच झिजवणे, ही वस्तूशी निष्ठा होय. न झिजवता जपलेली बोथट पटाशी आकाराने पूर्ण असेल. तिच्या पटाशीपणाबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.